आधी पाणी द्या

रिकाम्या हंड्यांचा खणखणाट अंगणात शिरला तशी नव्या नगरसेविकाबाईंनी दाराला आतून कडी घातली. वस्तीतल्या चाळीसेक बायका होत्या आणि त्यांच्या नळाला दहा दिवस पाणी नव्हतं.

"मतं मागायला आमच्या घरात शिरत होतात, आता बाहेर या!"

पण प्रशिक्षणात साहेबांनी शिकवलेलं बाईंना आठवलं : लोक चिडून आले की आवाज चढवायचा नाही, आधी बसवायचं, पाणी द्यायचं. त्यांनी पेले भरले, ट्रेमध्ये मांडले आणि दार उघडलं.

"बसा ना. आधी पाणी घ्या."

हंड्यांचा खणखणाट थांबला. जमलं, असं वाटून बाईंचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या म्हातारीनं पेला उचलला, पण तोंडाला लावला नाही. थेंबही न सांडता तिनं तो आपल्या हंड्यात ओतला. मग दुसरा. मग तिसरा. कुणी ओरडत नव्हतं, आणि त्याचीच बाईंना जास्त भीती वाटली.

शेवटचा पेला ठेवत म्हातारी शांतपणे म्हणाली, "तुमच्या नळाला येतंय की. आणा अजून. आम्ही बसतो."