गार इंजिन

तिसऱ्यांदा दोरी ओढली तरी होडीचं इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प झालं.

लिंबाजीने उकिडवं बसून प्लग काढला. पेट्रोलने भिजला होता. त्याने तो उपरण्याने पुसला, फुंकला, परत बसवला. उठला, पुन्हा बसला. पलीकडे गंगाखेडचा घाट अजून धुक्यात होता.

समोरच्या फळीवर त्याची लेक माधवी बॅग मांडीवर घेऊन बसली होती. दोघांचं काल ठरलं होतं. बापाने सकाळी एकट्याने इंजिन सुरू केलं, तर त्याने इथंच राहावं, तिने पलीकडे उतरून गाडीने परभणीला जावं. नाही झालं, तर घराला कुलूप लावून त्यानेही तिच्यासोबत निघावं.

"चोक लय वेळ ओढून ठेवलाय तुमी," ती म्हणाली.

"आता तू शिकव मला."

गार इंजिन चोक ओढून धरल्याशिवाय लागत नसे, आणि त्याची मूठ ढिली होती. ओढून धरली नाही की आपोआप आत जायची. सतरा हिवाळे त्याची बायको पार्वतीबाई ती धरून बसली. लिंबाजी दोरी ओढायचा, इंजिन खोकलं की "सोड!" म्हणायचा, आणि ती मूठ हळूहळू आत जाऊ द्यायची. तिला जाऊन सव्वा महिना झाला होता. आज त्याने मूठ चिंधीने बांधली होती. चिंधीला सोडता येत नव्हतं.

काठावर धुणं धुणारी सुलाबाई हसली. "दाजी, वल्हं घ्या की! बसून बसून म्हातारी होईल लेक."

"तू तुजं लुगडं बडव."

त्याने चिंधी काढून फेकली. पायाचा अंगठा मुठीत अडकवला, मूठ ओढून धरली आणि दोन्ही हातांनी दोरीला हिसका दिला. होडी डुलली. इंजिन खोकलं.

"सोड!" तो ओरडला.

अंगठा निसटला. मूठ आत जाणार तोच माधवीने ती अर्ध्यावर धरली आणि हळूहळू सोडली. निळा धूर निघाला. इंजिन लागलं.

तिने हात ओढणीला पुसला आणि पाण्याकडे बघत म्हणाली, "झालं की सुरू. राहा तुमी."

तिने खुंट्याचा दोर सोडून हातात धरला, तरी लिंबाजी तसाच उभा. बराच वेळ त्याने इंजिन चालू दिलं. मग वाकून बंद केलं.

"बाबा! गाडी चुकंल माजी."

"तू हात लावलास."

"मग ओढा परत. आता गरम हाय, चोक लागायचा न्हाई."

"म्हणूनच," तो म्हणाला. "गार होऊ दे."

त्याने दोर परत खुंट्याला बांधला, लेकीजवळ येऊन बसला आणि इंजिनावर हात ठेवला. लोखंड अजून गरम होतं.