चतुर्थीची सुट्टी

“आजची सुट्टी पाह्यजे, ताई.”

श्रावण दुकानाच्या पायरीखाली उभा होता. गल्ल्यावर बसलेल्या मंजुषानं आधी त्याच्याकडं पाहिलं, मग रस्त्याकडं. केळझरच्या देवळापर्यंत गाड्यांची रांग लागलेली. संकष्टी, त्यात रविवार! आणि प्रसादाच्या दुकानातला सगळ्यात चपळ हाताचा लाडू बांधणारा सुट्टी मागतोय.

“डोकं ठिकानावर हाये का तुझं? आज?”

“नानाजी फोनवर सुट्टी देत नाई म्हणून आलो. सांगून लगेच जातो.”

“वर तर ये.”

“इथंच ठीक हाये मी.”

या दुकानात आजारपणाची पगारी सुट्टी हे प्रकरणच मुळी नवं. आजवर मालक नानाजी भरपगारी सुट्टी द्यायचे ती एकाच गोष्टीची, सुतकाची. घरात कोणी गेलं की त्या माणसानं प्रसादाला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम. आणि देवाच्या कारणानं घरी बसवलेल्याचा पगार कापायचा नाही, हाही नेमच. पण ताप आला, पाय मुरगळला, तर ‘गोळी घे अन् बस परातीवर’. भट्टीवरचा चिंधू म्हणायचा, “इथं आजारी पडन्यापक्षा कोनी मेलेलं परवडते बाप्पा.”

मंजुषाला ते ऐकून राग यायचा. ती दुकानाचा हिशेब पाहायची, कायदा काय म्हणतो ते विचारून आलेली होती. नानाजींच्या मागं लागून लागून तिनं शेवटी पटवलं, की एवढी माणसं कामाला ठेवली तर पगारी रजा द्यावीच लागते, तो काही उपकार नाही. नानाजी कुरकुरले, पण ऐकलं. गेल्या आठवड्यापासून सुट्टी लागू झाली.

हे सगळं तिनं केलं ते खरं तर श्रावणमुळं. पोळ्याच्या आधी त्याची आई तापानं फणफणली होती. घरात तिला पाहणारं दुसरं कोणी नाही. चाळिशी आली तरी श्रावण बिनलग्नाचा. त्यानं सुट्टी मागितली, नानाजींनी दिली नाही. दोन दिवसांत आई गेल्याचा त्याचाच फोन आला. तेरवीसुद्धा दूर मामाच्या गावी झाली, यवतमाळकडं, त्यामुळं दुकानातलं कोणी जाऊ शकलं नाही. श्रावण डोकं भादरून, चकोट करून परत आला तेव्हा मंजुषाच हमसून रडली होती. तो नुसता खाली पाहत राहिला.

पण त्यानंतरचा श्रावण तिला कळेनासा झाला. राहायची खोली सेलूला, आणि हा रोज संध्याकाळी हिंगणीच्या गाडीत बसायचा. पिशवीत मऊ केळी. एकदा बायकी शाल. एकदा तर दाताला लावायच्या तंबाखूची, गुडाखूची, डबी खाली पडली, आणि हा गडी साध्या सुपारीला शिवत नाही! पाकिटं भरणारी छाया डोळे मिचकावून म्हणाली, “हिंगणीत कोनीतरी हाये याची. माय जाऊन महिना नाई झाला अन् याले पालवी फुटली!”

श्रावण हसल्यासारखं करून परातीत डोकं घालायचा.

परवा त्यानं विचारलं होतं, “ताई, घरच्या मानसाच्या दुखन्यासाठी भेटते का सुट्टी?”

“भेटते न. पन तुझ्या घरी आता हाये कोन?”

तो परात उचलून आत गेला होता. मंजुषा रात्रभर त्याच प्रश्नात अडकून पडली होती.

आता तिनं विचारलं, “हिंगणीले जाऊन राह्यला का?”

त्यानं मान डोलावली. डोळे लाल होते. म्हणजे छाया म्हणते ते खरं? एवढं भांडून सुट्टी मिळवली ती याच्या थेरांसाठी? तिला चीड आली. तरी हक्क तो हक्क. तिनं नानाजींना हाक मारली.

नानाजी हात पुसत बाहेर आले. “दे न. कायदा हाये बापा आता! पन आधी एक परात बांध, मंग जा.”

“नाई, नानाजी. आज हात नाई लावत.”

“काऊन? आजारी हायेस?”

“नाई.”

“मंग? तुह्या घरी आता मराले तरी कोन उरलं हाये?”

छायानं चहाचा कप पुढं केला, तोही त्यानं घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागं बांधून तो उभाच.

“श्रावण, अर्ध्या घंट्याचं काम हाये रे,” मंजुषा म्हणाली. तिला काही म्हणता काही उमगत नव्हतं.

“चढ वर,” नानाजी ओरडले, “नाईतर उद्यापासून येऊ नोको!”

“काम गेलं तरी चालन. देवाच्या परातीले आज हात नाई लावत मी.”

तो वळून चालू लागला. मंजुषा गल्ला तसाच टाकून मागं धावली. तिनं बाही धरायला हात पुढं केला, तर तो चटकन मागं सरला.

“शिवू नका, ताई. तुमाले परत दुकानात बसाचं हाये.”

“अरे पन झालं तरी काय? खरं सांग, मी समजावीन नानाजीले.”

श्रावणनं पहिल्यांदा तिच्याकडं सरळ पाहिलं.

“सुट्टी भेटत नोहोती न, ताई, म्हणून पोळ्याच्या टायमाले मायले म्या खोटंच मारलं. आज पहाटे ते खरंच गेली.”