सरावाचा हात

नर्सिंगच्या वर्गात सगळ्याजणी तिला चिमणी म्हणत. शरीररचनेच्या प्रात्यक्षिकात ती दोनदा नापास झाली होती. उद्या पुन्हा तेच झालं तर शिक्षण बंद, असं वडिलांनी सांगून टाकलं होतं. म्हणून बाई आज तिला एकटीला घेऊन बसल्या होत्या. टेबलावर प्लॅस्टिकचा हात होता, वरचं कातडं काढता येणारा.

"नाडी कुठे बघतात, दाखव."

चिमणीने त्या प्लॅस्टिकच्या हाताचं मनगट दाबलं. "बाई, लागतेय."

"अंगठा लावलास ना? अंगठ्याला स्वतःची नाडी असते. तुझीच तुला लागतेय, वेडाबाई!"

तिने अंगठा काढून तीन बोटं ठेवली. "तरी लागतेय."

बाईंनी हसत हसत स्वतःची बोटं टेकवली. नाडी संथ चालली होती. दुसरा हात त्यांनी आपल्या गळ्याशी नेला. तिथली मात्र धडधडत होती. दोन्हींचा मेळ काही बसेना.

पण पोरीला आज घाबरवून कसं चालेल? परीक्षेतला पुढचा प्रश्न त्यांनी शांतपणे विचारला.

"बरं. आता कातडं उतरवून आतली धमनी दाखव."

चिमणीने कातड्याची कड नखाने उचलली.

बाईंच्या बोटांखालची ती संथ नाडी एकदम धावू लागली.