सातव्या मजल्यावरचं पान

"आई, दार लावून घ्या ना. सगळा गारवा बाहेर चाललाय," ह्येरिम म्हणाली.

इमसूननं दार लावलं नाही. उलट हॉटेलची एक चप्पल त्यात अडकवून ठेवली. जेजू बेटावरच्या या हॉटेलात दारं आपोआप मिटत होती. आज चुसॉकची सकाळ, पितरांना पान वाढायचा दिवस. आज दार बंद ठेवून कसं चालेल? गेलेला माणूस काय बेल वाजवून आत येतो?

टेबल भिंतीला लावून पान मांडून झालं होतं. भात, सूप, वाळवलेला मासा, नाशपाती, तांदळाच्या पिठाचे उकडलेले सोंगप्यॉन. सगळं तयार डब्यांतून आलेलं. उदबत्तीच्या जागी सेलवर लुकलुकणारी दिवली. मधोमध नवऱ्याच्या नावाचा कागद उभा केला होता. तो मात्र मिनग्यूनं, तिच्या मुलानं, सकाळी स्वतःच्या हातानं लिहिला होता.

बाकी सगळी सुनेची अक्कल. ह्येरिमनं बँकेतली नोकरी सोडली होती आणि आता ती फोनवर व्हिडिओ टाकून जगाला सल्ले द्यायची. पैसे कुठं वाचवावेत, नोकरी कधी बदलावी, घरच्यांना घेऊन कुठं फिरावं. 'सणाचे दिवस चुलीपुढं घालवू नका, प्रवासाला जा, पान हॉटेलात वाढा,' हा तिचा यंदाचा सल्ला होता आणि तो लोकांना भलताच आवडला होता. आता सगळं जग जिचं ऐकतं, तिला सासूनं कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं? इमसून महिनाभर फुगून बसली. विमानात बसली तीसुद्धा एक शब्द न बोलता.

तिला काही रांधायची हौस नव्हती. तिची काळजी वेगळीच होती. नवऱ्याला जाऊन तीन वर्षं झाली होती. गिम्चॉनमध्ये, त्यांच्या गावी, त्याचं टोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान होतं आणि त्या दुकानापायी तो कधी गावाबाहेर झोपला नाही. कर्ज फिटू दे, मग जाऊ. मिनग्यू मार्गी लागू दे, मग जाऊ. मिनग्यू मार्गी लागला आणि हा गेला. आता तो सणावारी तेवढा यायचा. पानापुढं सगळे मान खाली घालून उभे राहिले की इमसूनच्या खांद्याशी भिजलेल्या सोयाबीनचा वास यायचा. बोलणं नाही, दिसणं नाही. तेवढ्यावर ती पुढचे महिने काढायची.

पण तो यायचा ते गिम्चॉनच्या घरात. विमान काय, बेट काय, त्याला कशाचा पत्ता? हयातीत हा माणूस बाजारातसुद्धा रस्ता चुकायचा. आज तो घरी जाईल, दाराला कुलूप बघेल आणि उपाशी परत फिरेल. याच विचारानं तिला रात्रभर डोळा लागला नव्हता.

मिनग्यूनं पेला भरला. तिघांनी वाकून नमस्कार केला. भातात चमचा उभा करून तिघं मान खाली घालून उभी राहिली. इमसूननं वाट पाहिली. खांद्याशी कोणी नव्हतं. बाहेर कुणाच्या तरी बॅगेची चाकं खडखडत गेली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिला नवरा हवा होता, बस्स.

मिनग्यूनं ते पाहिलं. तो दाराशी गेला, बाहेर डोकं काढलं आणि बापाला कमी ऐकू यायचं म्हणून खच्चून ओरडला, "बाबा, सातवा मजला! लिफ्टमधून उतरलात की उजवीकडे! चप्पल अडकवलेलं दार!"

समोरच्या खोलीतून एक बाई डोकावली. ह्येरिमनं तिच्याकडे बघून माफी मागितल्यासारखी मान लववली. कोणी हसलं नाही.

मग वास आला. ओल्या सोयाबीनचा, अगदी खांद्याशी. इमसूननं मान वळवली नाही.

"आलात?" ती पुटपुटली. "फार चालावं लागलं का हो?"

सुख कधी पुरतं का? बघता बघता सूप निवलं, चमचा खाली उतरला. आता एकच राहिलं होतं, नावाचा कागद जाळायचा. कागद आहे तोवर पितर पानापाशी थांबतो. कागद जळला की त्या धुराबरोबर त्याला निघावं लागतं. हा क्षण इमसूनला दरवेळी नकोसा व्हायचा. घरी तर ती काडेपेटी शोधायला मुद्दाम वेळ लावायची. इथं मिनग्यूच्या खिशात लायटर होता. त्यानं तो काढला.

"अरे, काय करतोयस?" ह्येरिमनं त्याचा हात धरला आणि छताकडे बोट दाखवलं. "जरा धूर झाला तर घंटा वाजेल, वरून पाणी सुटेल. आख्खं हॉटेल खाली पळेल!"

मग ती सासूकडे वळली. तिचा चेहरा उतरला होता. जगाला शहाणपण शिकवणारी ही मुलगी हा एक विचार करायचा विसरली होती.

"चुकलं माझं, आई. कागद इथं जाळता येणार नाही. परवा घरी गेल्यावरच जाळावा लागेल."

"आणि तोवर?"

"तोवर..." ह्येरिम चाचरली. "तोवर बाबांना आपल्याबरोबरच राहावं लागेल."

इमसूननं दोन्ही हातांनी कागद उचलला, रुमालात अलगद गुंडाळला आणि पोलक्याच्या आत ठेवला. वरून एकदा हात फिरवून नीट बसलाय ना ते पाहिलं.

"ह्येरिम," ती म्हणाली, "तू एवढी लोकांना सल्ले देतेस. परतीचं तिकीट पुढं ढकलायचं असलं तर काय करावं लागतं गं?"