सही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या ताईनं तपासणीच्या कार्डावर ‘दोर ठीक’ असं लिहिलं, खाली सही ठोकली आणि मग जिना चढायला सुरुवात केली. लिफ्टवाल्यांची ही जुनी रीत. काम संपेपर्यंत हात ग्रीसनं इतके बरबटतात की कार्डाला बोट लावायची सोय राहत नाही, म्हणून सही आधी आणि तपासणी नंतर. कधी कधी तपासणी राहूनही जाते, पण सही राहत नाही.

“ते कुरतडं या वेळी काढाच,” मागून इमारतीचे सेक्रेटरी धापा टाकत येत होते. “दोर खातंय हो. लिफ्ट मध्येच अडकते ती त्याच्यामुळेच. गेल्या खेपेला तुम्ही तळाच्या खड्ड्यात सापळा लावलात, त्याचा काही उपयोग नाही झाला.”

चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये, लिफ्टमध्ये, इमारतीतल्या एक आजी अर्ध्या तासापासून अडकल्या होत्या. ताईनं पाचव्यावरचं दार चावीनं उघडलं आणि खाली लिफ्टच्या टपावर पाय ठेवला.

अंधारात दोन हिरवे डोळे होते. तिचं वजन पडलं तसे ते लाल झाले.

तिनं बॅटरी लावली. मांजराएवढं काहीतरी दोराला चिकटून बसलं होतं. अंगावर केस नव्हते, तांब्याच्या बारीक तारांची वीण होती. शेपूट दोराभोवती वेढे घेत वर गेलं होतं, आणि ती बघत असतानाच ते आणखी वीतभर वाढलं. दात दोरात रुतलेले होते.

“आली का गं कोणी?” टपाखालून आजींचा आवाज आला.

“आले आजी. हलू नका जराही.”

“मी कशाला हलू? त्याला ओरडू नकोस हं. रोज मी त्याला विचारते, बरा आहेस ना रे? की आतला दिवा दोनदा लुकलुकतो. आज नाही लुकलुकला.”

ताईनं बॅटरी जवळ नेली. दोराच्या तारा एकेक करून तुटल्या होत्या. तुटलेली टोकं जुनी होती, गंजलेली, आणि त्यांच्यावर तिच्याच हातच्या जुन्या ग्रीसचा जाड थर होता. कुरतडल्याची खूण कुठेच नव्हती. वरचं टोक शेपटीच्या वेढ्यात होतं, खालचं दातांत. आजी, लिफ्ट आणि आता ती स्वतः, असे सगळे त्या एवढ्याशा जबड्यावर लटकले होते.

मग तिला जबड्याखाली दुमडून घेतलेला त्याचा मागचा पाय दिसला. त्यात तिचा सापळा होता.

तिला लाज वाटली, आणि भीतीही. सापळा सोडवायचा तर हात त्याच्या तोंडाजवळ न्यायला हवा. पण हे आपल्याला चावायचं म्हटलं तरी चावू शकत नाही, हे तिच्या लक्षात आलं. चावायला तोंड उघडावं लागेल, आणि तोंड ते उघडणार नव्हतं.

“दुखेल थोडं,” ती म्हणाली आणि तिनं सापळ्याची स्प्रिंग दाबली.

ते थरथरलं, पण दोर हलला नाही. पाय सुटला. डोळ्यांतला लाल रंग जरासा पिवळट झाला.

“सापडलं का?” वरून सेक्रेटरींनी विचारलं.

“जरा गप्प बसा.”

पिशवीतून तिनं लांब क्लॅम्प काढला. तुटक्या जागेच्या वर दोन बोल्ट आणि खाली दोन, असे पान्ह्यानं आवळले. तिचं मनगट त्याच्या गालाला घासत होतं. गाल कोमट होता.

“सोड आता,” ती हळूच म्हणाली. “मी धरलंय.”

ते सोडेना.

“अगं, त्याला पटायला नको का?” आजी खालून म्हणाल्या. “तीन महिन्यांत तू वर आलीस तरी का?”

ताईनं पान्हा त्याच्यासमोर धरला. त्यानं पुढचा पंजा उचलला आणि पहिल्या बोल्टवर टेकवला. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर पंजा थांबला, आणि त्यानं त्या बोल्टवर दोनदा टकटक केलं.

तिनं पान्हा लावला. बोल्ट अर्धा फेरा आणखी फिरला.

चौथ्यावर पंजा टेकवल्यावर मग त्यानं एकेक दात सोडला. लिफ्ट जागची हलली नाही. त्याचा जबडा मात्र तसाच वासलेला राहिला, मिटता मिटेना. ताईनं पान्हा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याचे गाल चोळत बसली. खाली लिफ्टमधला दिवा दोनदा लुकलुकला.

“हां,” आजी म्हणाल्या.

वरच्या खोलीतलं चाक हातानं फिरवून तिनं लिफ्ट चौथ्या मजल्याला लावली. आजी काठी टेकत बाहेर आल्या, घरी न जाता तिथेच पायरीवर बसल्या आणि त्याच्या दुखऱ्या पायाला बांधायला म्हणून त्यांनी आपला रुमाल काढून दिला. लिफ्टला कुलूप लागलं. नवा दोर उद्या येणार होता.

तळमजल्यावर सेक्रेटरी कार्ड खिशात घालत होते.

“ते द्या इकडे,” ताई म्हणाली.

“सही केलीत की मघाशी.”

तिनं कार्ड घेतलं. ‘दोर ठीक’ खोडलं. त्याखाली लिहिलं, ‘दोर तुटलेला. सापळा काढला.’ आणि पुन्हा सही केली.

सेक्रेटरींनी कार्ड दोन बोटांत धरलं. “अहो ताई, सगळं काळं करून ठेवलंत.”

“हो,” ती म्हणाली. “या वेळी वर जाऊन आले.”