उत्तरं जुळवताना

"रडून नाही वं पोरींनो, भांडून जुळवा उत्तरं."

मधुकररावांचा हा आवाज मयुराने पाचवीत असताना ऐकला होता. स्कूटरवर पुढे ते, मागे ती आणि त्यांची लेक भूमिका, दोघींच्या मध्ये दप्तरं. परीक्षेच्या दिवसांत शाळेतून बेसाला घरी येईपर्यंत एकेका प्रश्नाचा निकाल लागायचा. भांडण रंगात आलं की मधुकरराव मुद्दाम लांबच्या रस्त्याने न्यायचे.

आज बारावीचा फिजिक्सचा, शेवटचा पेपर देऊन मयुरा प्रताप नगरातल्या केंद्राबाहेर आली आणि तोच आवाज कानात घुमू लागला. कारण फाटकाशी उभ्या असलेल्या तिच्या आईने, शोभाताईंनी, आत्ताच सांगितलं होतं की मधुकरराव गेले.

"तुम्ही इकडे आल्या, अन् तिकडे भूमीच्या आईनं, प्रेमिलानं, त्यांना उठवायले हात लावला," आई पदराने तोंड दाबत म्हणाली. "भूमीले एक शब्द बोलू नको. तिचा मामा कुहीवरून येऊन राहिला. तोच सांगन, तोच नेईन. तोवर इथंच थांबव तिले."

"कशी थांबवू वं आई?"

"पेपरच्या गोष्टी कर. रोज करता तशा."

आणि आपला चेहरा पोरीला दिसू नये म्हणून शोभाताई रस्ता ओलांडून रसवंतीच्या आड जाऊन उभ्या राहिल्या.

मधुकररावांच्या फुफ्फुसांनी केव्हाच दगा दिला होता. पोरगी बारावीच्या परीक्षेतून सुटली की मग मी सुटायला मोकळा, असं ते हसत हसत म्हणायचे. म्हणून सकाळी पेपरच्या आधी मयुराने मारुतीला त्यांच्यासाठीही हात जोडले होते. केंद्राजवळच्या त्या देवळात दर पेपराला दोघी जायच्या. आज भूमिका पायरीखालीच थांबली. डोळे जागरणाने सुजलेले.

"तू ये जाऊन. मी नाही येत आज."

असं कारण पोरी पोरींना विचारत नाहीत. मयुराने एकटीनेच घंटा वाजवली.

पावला नाही तो.

भूमिका वर्गातल्या साहिलबरोबर बाहेर आली. मयुराला पाहताच साहिलने दुरूनच आरोळी ठोकली, "काय वं टॉपर, चेहरा काहून पडला? पेपर बिघडला का आमच्यासारखा?"

"कॅपॅसिटरच्या गणिताचं किती आलं तुझं?" भूमिकाने आल्या आल्या विचारलं.

मयुराने पेपरात दोन लिहिलं होतं.

"नऊ," ती म्हणाली.

"नऊ? सहाचा अन् तीनचा होता, सिरीजमध्ये! सरळ बेरीज काहून केली?"

"बेरीजच करतात."

"झालं!" साहिलने कपाळावर हात मारला. "नाश्त्यात भांग खाऊन आली का बे ही?"

भूमिका करंजाच्या सावलीत उकिडवी बसली. काडी घेऊन तिने धुळीत आकृती काढली आणि समजावू लागली. मयुरा मान हलवत होती, पटलं नाही म्हणत होती. नजर मात्र भूमिकाच्या वाकलेल्या मानेवर, विस्कटलेल्या वेणीवर. बापाचं नाव घेऊन हे डोकं अजून कुणी उराशी धरलं नव्हतं.

दळण सरू नये म्हणून जात्यात मूठमूठ दाणा सोडत राहावा, तसं मयुरा एकेक चुकीचं उत्तर सोडत राहिली. ट्रान्सफॉर्मरचं चुकवलं. तारेच्या फ्रिक्वेन्सीचं चुकवलं. आणि भूमिका एकेक उत्तर न थकता, न चिडता दळत राहिली.

साहिल कंटाळला. "बस झालं ना आता. भुकेनं जीव चालला माझा. चल भूमी, गाडीवर सोडतो तुले घरी. काकालेही भेटतो. कसे आहेत गा काका?"

मयुराने घाईने प्रश्नपत्रिका उलटली.

भूमिका धुळीत एक रेघ ओढत होती. ती पूर्ण करून म्हणाली, "पहाटेपासून एकदाही खोकले नाहीत."

"एक नंबर! दवाई लागू पडली म्हणजे."

"हं."

मयुराने तोंड फिरवलं. डोळ्यांत काही गेल्यासारखं चोळत राहिली.

"तू हो पुढं, साहिल," भूमिका म्हणाली. "आम्ही पुन्हा पहिल्यापासून पाहतो."

"पागल आहात दोघी," म्हणत साहिलने गाडीला किक मारली. मयुराला मात्र हायसं वाटलं. पुन्हा पहिल्यापासून म्हणजे तेवढाच वेळ. तेवढीच पोर अजून बापाची लेक.

पहिला प्रश्न झाला. दुसरा झाला. भूमिकाचा आवाज बसत चालला होता, पण ती थांबेना. फाटकासमोरची गर्दी पांगली. रसवंतीचं चाक खुळखुळत होतं, आणि त्याच्या आड आई कुणाशी तरी फोनवर बोलत होती.

मग वळणावर पांढरी गाडी थांबली. भूमिकाचा मामा खाली उतरला, खांद्यावरचा दुपट्टा तोंडाला लावून तिथेच क्षणभर उभा राहिला आणि करंजाकडे चालू लागला.

मयुराने भूमिकाच्या हातातली काडी काढून घेतली.

"भूमी, ऐक ना... तुझा मामा आला आहे. घरी... काकाले..."

भूमिकाने तिचा हात हातात घेतला. मामाकडे तिने पाहिलंही नाही.

"नको सांगू मयू, तुले नाही जमणार," ती म्हणाली. "पहाटे त्यांच्या तोंडात पाणी मीच टाकलं. डोळे मीच मिटले. घरात कळलं असतं तर मले पेपरले कोणी निघू दिलं नसतं. आई त्यांच्यासाठी चहा गाळून राहिली होती, तरी मी बोलली नाही."