चौघांचं मत

कल्पना करा बाळांनो, एकाच ऑनलाइन गेममध्ये तुम्ही चार जण आहात: योद्धा, वैद्य, धनुर्धारी आणि चोर. छकुली चार वेगळी खाती उघडून या चौघांना एकटीच नाचवायची. आज तिच्या टोळीत 'कासवराव' नावाचा नवखा खेळाडू आला. तो तलवार उपसायला जायचा आणि नुसतीच उडी मारायचा. वैतागून छकुलीने चौघांच्याही नावाने "हा ठोंब्या नको!" असं मत दिलं आणि त्याला हाकललं.

जेवताना आजोबा हळूच म्हणाले, "छकुले, तुझ्याशी खेळता यावं म्हणून आज गुपचूप तुझा तो गेम शिकायला गेलो होतो गं. पण माझ्या कासवरावांची हकालपट्टी झाली. माझंच चुकलं असणार. चार माणसं एकदम कशी चुकतील?"


छकुलीने हातातला घास खाली ठेवला आणि ती मान खाली घालून म्हणाली, "आजोबा, ती चौघंही मीच होते."